ओसरीतला बायपास

दोघांनी खेळायच्या खेळात एक माणूस कमी असला की काय होतं, हे मी आता अधिकारवाणीने सांगू शकतो. आधी उजव्या हातातली गाडी वळणावर उडते. ती कुठे पडली हे बघायला मान वळवावी, तर डाव्या हातातली उडते. मग माणूस दोन्ही गाड्या शोधायला दिवाणाखाली शिरतो आणि तिथे त्याला कधीची हरवलेली पक्कड सापडते. एवढाच काय तो फायदा.

खेळ कोणता ते सांगतो. काळ्या प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवून गोल रस्ता करायचा. त्या रस्त्यात दोन खाचा असतात आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडाच्या पट्ट्या. पट्ट्यांतून वीज जाते. तळहाताएवढ्या मोटारीच्या नाकाखाली एक खुंटी असते, ती खाचेत बसते, आणि हातातलं बटण जेवढं दाबाल तेवढी मोटार पळते. वळणावर बटण सैल सोडायचं असतं. न सोडल्यास मोटार खाच सोडून जाते, दिवाणाखाली.

हा ट्रॅक माझ्या मुलीसाठी, रुपासाठी, ती शाळेत असताना नागपूरहून आणला होता. रुपा आता पुण्यात असते. तिला बाळ झालं तेव्हा आमच्या सौभाग्यवती, कुंताबाई, बाळंतपणासाठी म्हणून पुण्याला गेल्या. बाळ आता डबा घेऊन बालवाडीत जातं, बाळंतपण काही संपलेलं नाही. मीही जाऊन राहून पाहिलं. पण मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक, म्हणजे सरळ सांगायचं तर मोजणीवाला. पुण्याच्या त्या उंच फ्लॅटमध्ये मोजण्यासारखं काही नव्हतं. सगळं बिल्डरने आधीच मोजून ठेवलेलं, आणि मी टेप लावून ते कमी भरतं असं दाखवलं तेव्हा जावईबापूंचा चेहरा पडला. मी परत आलो. अड्याळच्या पलीकडे आमचं गाव आहे, गावात माझं घर आहे, घरात मी आहे. बस.

नोकरीत होतो तेव्हा या घराला उसंत नव्हती. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, भांडलेले भाऊ सकाळी दात घासायच्या आधी दारात हजर असायचे. एक पूर्वेच्या पायरीवर बसायचा, दुसरा पश्चिमेच्या, आणि कुंता दोघांना सारख्याच कपात चहा द्यायची, नाहीतर त्यावरून निराळा वाद. निवृत्तीचा हार गळ्यातून काढला आणि तेव्हापासून दारात येतो तो फक्त गॅसवाला. तोही हल्ली सिलिंडर ठेवून हॉर्न वाजवतो आणि जातो.

अशात दसरा झाल्यावर मच्छरदाणी शोधायला माळ्यावर चढलो आणि ट्रॅकचा खोका हाती लागला, तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. जिना उतरून मी मोठ्याने म्हणालो, "अगं, हे बघ काय सापडलं!" घरात कुणी नाही हे त्यानंतर लक्षात आलं.

पट्ट्यांना गंज चढला होता. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे नत्थूजी राहतात. बायको वारलेली, पोरं नागपुरात कारखान्यात, घरी ते आणि एक म्हैस. नत्थूजी भिंतीच्या अलीकडे कधी येत नाहीत, पण भिंतीवरून सल्ला देतात. मी अंगणात पट्ट्या घासत बसलेला बघून म्हणाले, "चिंच लावा जी. भांडे कशाने घासते बाई?"

"हे भांडं नाही, नत्थूजी."

"मंग कायले घासून राहिले?"

मी चिंच लावली. गंज गेला आणि पट्ट्यांबरोबर प्लास्टिकही पांढरं पडलं. उन्हात वाळवायला ठेवलं तर अर्धे तुकडे वाकले. एकही तुकडा दुसऱ्यात बसेना. भिंतीवरून आवाज आला, "मी चिंच म्हनलो. एवढी म्हनलो होतो का?"

शहाण्या माणसाने इथे खोका पुन्हा माळ्यावर टाकला असता. मी ठरवलं की लाकडाचा नवा ट्रॅक करायचा. एकदा करायचाच आहे तर मोठा करायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. एकदा आपल्या मनाप्रमाणे रेघ मारू, कुणी आडवं येणार नाही. मी चौकटीच्या कागदावर प्रमाणात आराखडा काढला. लांब सरळ रस्ता, दोन पोटवळणं, एक मोठं वळण. खालच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलं, वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला. बाणाशिवाय कागद मला पुरा वाटत नाही. हा बाण पुढे मला फार महागात पडला.

सुतारकामाला परसराम आला. दारं-खिडक्या चांगल्या करतो, बोलतो कमी, ऐकतो त्याहून कमी. आराखडा उलटासुलटा बघून त्याने विचारलं, "सायब, ह्या दोन नाल्या कायच्या?"

"नाल्या नाहीत, खाचा. त्यातून मोटारी जातात."

"आन् पानी?"

"पाणी नाही जात."

"आता नाही जात," परसराम म्हणाला, "मंग जाते."

त्याने खाचा सुरेख मारल्या, मी मान्य करतो. पण नाली म्हटली की ढाळ पाहिजे, या तत्त्वावर त्याने फळीच्या खालचे पाय एका बाजूला आखूड केले. काम पुरं झाल्यावर मी गोटी ठेवून पाहिली, ती उत्तरेकडून दक्षिणेकडे घरंगळत गेली. परसराम अभिमानाने म्हणाला, "थेंबभर थांबत असन तं सांगा." मी सांगू शकलो नाही, कारण थेंबभर थांबत नव्हतं.

हे सगळं ओसरीत चाललं होतं. आता फळी बैठकीच्या खोलीत न्यायची. परसरामने एक टोक धरलं, मी एक धरलं, आणि दाराशी जाऊन आम्ही दोघं थांबलो. फळी आडवी केली, उभी केली, तिरपी केली. माझ्या हातून तालुक्यातल्या कितीतरी जमिनी मोजून झाल्या, पण स्वतःच्या घराचं दार मोजायचं राहिलं होतं. परसराम दाराकडे बघत होता, मी रस्त्याकडे. भिंतीवरून नत्थूजी दोघांकडे बघत होते.

"भिंत फोडा," त्यांनी सुचवलं.

संध्याकाळी कुंताचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून फळी दाखवली.

"अहो, हे काय पलंग करून राहिले का? कोणासाठी?"

"ट्रॅक आहे, रुपाचा. नवा केला."

"मग ओसरीत काहून ठेवला? आत घ्या ना."

"दारातून जात नाही."

"तुमी मोजलं नव्हतं?" तिने विचारलं, आणि मी उत्तर देणार तेवढ्यात, "बाळ उठलं, ठेवते हं," म्हणून फोन बंद झाला. आमचं दोघांचं बोलणं हल्ली बाळाच्या झोपेवर चालतं, आणि बाळाला झोप फार कमी आहे.

तर ट्रॅक ओसरीतच राहिला, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला पूर्ण दिसेल असा. तांब्याच्या चिकटपट्ट्या नागपूरहून मागवल्या, लावल्या, गाड्या चालू लागल्या. पण नुसती काळी खाच भकास दिसत होती, म्हणून मी रंगकाम काढलं. हिरव्या रंगाने धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, काढली, तपकिरी रेघेने धुरे. निळा तलाव काढला. एक देऊळ, थोडी घरं. काढता काढता हात आपोआप ओळखीच्या वळणाने गेला आणि जे तयार झालं ते हुबेहूब आमच्या गावचं शिवार झालं. मी ते मुद्दाम केलं नाही. मला दुसरं कुठलं शिवार पाठ नाही. आणि वरच्या कोपऱ्यात बाण काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेश्वर आले. जागेश्वर मागे एकदा उपसरपंच होते आणि अजून त्यातून बाहेर आलेले नाहीत. ओसरीच्या पायरीवर चपला काढल्या, फळीला एक फेरी मारली, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मंजूर झाला का?"

"काय?"

"बायपास."

गावाबाहेरून बायपास जाणार अशी बोलवा अधूनमधून उठते, हे मी विसरलो होतो. मी हसलो. म्हणालो, "अहो, हा खेळ आहे. या बघा मोटारी."

जागेश्वरांनी मोटारी पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "बराबर हाये," ते म्हणाले, "सरकारी मानूस सांगनच कसा? तुमी खेळच म्हना. आमी बी खेळच म्हनू." जाताना त्यांनी मोठ्या वळणावर बोट ठेवलं. "हे इश्वरच्या वावरातून गेलं ना? जाऊ द्या. त्याले लई गर्मी होती."

दुपारपर्यंत इश्वर आला. त्याच्या मागून दोघं-तिघं. संध्याकाळी ओसरीत उभं राहायला जागा नव्हती. मी प्रत्येकाला सांगत होतो की हा खेळ आहे, आणि मी जितकं सांगावं तितका लोकांचा विश्वास पक्का होत होता. मोजणीखात्यातला माणूस नकाशा काढतो, त्याला बाण लावतो, आणि वर खेळ म्हणतो, म्हणजे प्रकरण किती वरचं असेल!

आता खरं सांगतो. तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर मी सांगताना आवाज जरा बारीक केला. खोटं मी एकदाही बोललो नाही. पण खरं जितक्या जोरात बोलायला पाहिजे तितक्या जोरात बोललो नाही. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, चहा उकळत होता, कप कमी पडत होते, पायरीवर चपलांचा ढीग होता, आणि कुणीतरी आतल्या खोलीकडे तोंड करून हक्काने ओरडलं, "सायब, साखर कमी हाये!" मला इतकं बरं वाटलं की मी पळत जाऊन साखर आणली.

पुढे दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे एक जत्राच, भरते. गावात दंडार हे लोकनाट्य होतं, नाटक होतं, आणि लेकीबाळी, सोयरेधायरे, जोडलेले-तोडलेले सगळे पाहुणे येतात. त्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याने दार लावून बसावं, अशी परिस्थिती असते. मागच्या मंडईला मी दार लावून बसलो होतो. यंदा गावकरी आपापले पाहुणे घेऊन माझ्या ओसरीत आले. सानगडीचे जावई, नागपूरचे मेव्हणे, सगळे फळीभोवती उभे राहून आमच्या गावाचं भवितव्य बघत होते. मी मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या. कुंताला फोन केला आणि गर्दी दाखवली. ती घाबरून म्हणाली, "अहो, घरात काय झालं? एवढी मानसं कायले जमली?" जमलेली माणसं म्हणजे काहीतरी वाईट झालं, हे आमच्या घराबद्दल तिने गृहीत धरावं याचं मला वाईट वाटलं.

त्या गर्दीत चंद्रभागाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या. तलावाच्या पाळीखाली त्यांची एक छोटी बांधी आहे, धान वर्षभराचं त्यातून निघतं. त्यांनी विचारलं, "बावा, माही बांधी कोनती?" मी हिरवा तुकडा दाखवला. खाच त्याच्या अगदी कडेने जात होती. बाईंनी त्या तुकड्यावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. मला ते बघवेना. मी त्यांना बाजूला बसवलं आणि ठणकावून, अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं, "आजी, हे सगळं खोटं आहे. खेळणं आहे. तुमच्या बांधीला कोणी हात लावत नाही."

आजी रडल्या, मला आशीर्वाद दिला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मधुकररावांनी, म्हणजे मी, चंद्रभागाबाईची बांधी बायपासमधून काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या गावाची रांग लागली, आपापली बांधी काढून घ्यायला. काहींना मात्र आत घालून हवी होती. इश्वर तर हळूच म्हणाला, "रोड वावराच्या बाजूनं घ्या जी, मधातून नोका घेऊ. हाटेल टाकतो."

एक माणूस मात्र आला नाही. नत्थूजी. ते भिंतीवरून रोज बघत होते, सल्ला देणंही बंद झालं होतं. कारण मला नंतर कळलं. त्यांचं वावर जिथे यायला पाहिजे तिथे मी ट्रॅकला वीज देणारा डबा बसवला होता. सगळ्या गावाची जमीन फळीवर होती, फक्त नत्थूजींची नव्हती. भिंतीवरून त्यांना वावराच्या जागी डबा दिसत होता, आणि त्याला दोन लाल दिवे होते.

त्यांनी तालुक्याला अर्ज केला. सेवानिवृत्त कर्मचारी घरी गोपनीय नकाशा ठेवून जमिनी आत-बाहेर करतो, सबब चौकशी व्हावी.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागेवर पंचनामे केले, त्याच्या ओसरीत पंचनामा होणार, हे ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. मंडळ अधिकारी मॅडम आल्या, वयाने रुपाएवढ्या. सोबत तलाठी, पंच म्हणून जागेश्वर आणि इश्वर, आणि भिंतीच्या अलीकडे पहिल्यांदाच पाऊल टाकणारे नत्थूजी. बाकी गाव रस्त्यावर उभं होतं.

मॅडमनी फळीभोवती फेरी मारली. "हा बाण कशासाठी?"

"सवय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला अटक होईल असं वाटलं. मग मोटार उचलून उलटी करून पाहिली. "ही चालते?"

"चालते. पण दोन आहेत. दोघं लागतात."

"मग दोन्ही चालवा. चाललेलं बघितल्याशिवाय मी खेळणं आहे असं कसं लिहू? दुसरी कोण चालवणार?" पंच मागे सरकले. पंचाने वस्तूला हात लावू नये हे जागेश्वरांना नेमकं तेव्हा आठवलं. मॅडम म्हणाल्या, "अर्जदार चालवतील. अर्जदाराच्या समक्षच व्हायला पाहिजे."

नत्थूजींनी बटण हातात घेतलं ते साप धरावा तसं. मी त्यांना सांगितलं, वळणावर सोडायचं. ते म्हणाले, "मले नोका शिकवू. मी ट्रॅक्टर चालवलो हाये." तलाठ्याने इशाऱ्यासाठी वर धरलेला हात खाली केला. माझी निळी मोटार निघाली. नत्थूजींनी बटण जे दाबलं ते सोडलंच नाही. त्यात परसरामचा ढाळ. तांबडी मोटार मोठ्या वळणावर आली आणि तशीच पुढे गेली, देवळावरून, तलावावरून, फळीबाहेर, आणि मॅडमच्या चहात पडली.

रस्त्यावरचं गाव पोट धरून हसलं. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी साडी पुसली आणि पंचनामा लिहायला घेतला. नंतर तो सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात असं होतं की, सदरहू वस्तू खेळणे असल्याचे दिसून आले, सामनेवाले यांची मोटार मार्गावर राहून प्रथम आली, आणि अर्जदार यांची मोटार वळणावर मार्ग सोडून चहाच्या कपात मिळून आली. यावर पंचांच्या सह्या झाल्या. नत्थूजींनाही सही करावी लागली. त्यांचा कान लाल झाला होता.

मी निर्दोष सुटलो. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कुणी आलं नाही.

लोक चिडले असते तरी चाललं असतं, भांडायला तरी आले असते. पण त्यांना माझी दया आली. मोजणीसाहेब म्हातारपणी खेळण्याच्या मोटारी चालवतो, एकटा असतो बिचारा, असं इश्वरच्या पानठेल्यावर बोललं गेलं. जागेश्वर रस्त्यात भेटले तर मी आजारी असल्यासारखं हळू आवाजात "तब्येत कशी हाये?" विचारून पुढे गेले. मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. मी गंज घासून पालथा घातला. एवढ्या मोठ्या गंजात एका माणसाचा चहा करता येत नाही, तो तळालाच सुकतो.

मी निळी मोटार एकटीच चालवून पाहिली. ती छान चालत होती, एकदाही उडाली नाही. पण एकटी मोटार कितीही पळाली तरी ती पहिली येत नाही, नुसती येते. फेरी मारून ती माझ्यासमोर थांबायची आणि मी तिला पुन्हा पाठवायचो. ओसरीत तिचा घरघर आवाज तेवढा असायचा, आणि बटण सोडलं की तोही नाही. कुंताला हे सांगायचं मी ठरवलं होतं. फोन लागल्यावर म्हणालो, "घर फार मोठं वाटतं गं हल्ली." ती म्हणाली, "मोजा एकदा," आणि हसली, आणि मीही हसलो. मग बाळ उठलं.

फळी मोडून टाकावी असं मनात घेऊन मी परसरामला निरोप धाडला. त्याच दिवशी दुपारी पायरीवर चपला वाजल्या. नत्थूजी होते. दाढी केलेली, अंगात धुतलेली बंडी. आत यायला सांगितलं तर आले नाहीत, पायरीवरच उभे राहून म्हणाले, "ते तुमच्या पंचनाम्याचं."

"झालं ते नत्थूजी. माझ्या मनात काही नाही."

"माह्या हाये ना," ते म्हणाले. "पोरगं नागपूरवरून फोन करते का बावा, तू चहाच्या कपात मिळून आला म्हने. लोकं हासून राहिले. मले फेरमोजणी पाहिजे."

फेरमोजणी म्हणजे काय ते सांगतो. मोजणी मान्य नसेल तर शेतकरी पुन्हा मोजणी मागू शकतो, तो त्याचा हक्क आहे. आमच्या खात्यात या शब्दाइतका नावडता शब्द दुसरा नाही. केलेलं सगळं काम पुन्हा करायचं, आणि हरलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत करायचं. हा शब्द ऐकून आनंद झालेला मी त्या खात्यातला पहिला माणूस असेन.

मी म्हणालो, "अर्ज मंजूर. आत या."

नत्थूजी आत आले आणि पुन्हा हरले. या वेळी तांबडी मोटार तलावात गेली. त्यांनी ढाळाला दोष दिला आणि दुसऱ्या दिवशी फेरमोजणी मागितली. दुसऱ्या दिवशी बाहेरची खाच लांब पडते असा आक्षेप घेतला. तो खरा होता, मी टेप लावून दाखवला आणि खाचा बदलून दिल्या. तरी हरले. मग माझ्या खुर्चीवर आक्षेप आला, मग उन्हावर, मग म्हशीवर, की ती नेमकी वळणाच्या वेळेला हंबरते. म्हैस दुसऱ्या अंगणात बांधली गेली. परसराम फळी मोडायला आला तेव्हा आम्ही दोघांनी त्याला ओरडून हाकललं.

रोज दुपारी म्हशीला चारा टाकून झाला की नत्थूजी यायचे. चहा व्हायचा. बोलणं फारसं नसायचं, पण "सोडा, सोडा!", "अरे धरलं का नाही!" एवढं ओरडणं व्हायचं. आठ-पंधरा दिवसांत त्यांचा हात बसला. आता ते वळणावर अचूक सोडायचे, आणि मला घाम फुटू लागला. कारण मी मनाशी एक ठरवलं होतं, ते इथे सांगून टाकतो. नत्थूजींना जिंकू द्यायचं नाही. हा माणूस फेरमोजणीसाठी येतो. ज्या दिवशी मोजणी त्याच्या बाजूने लागेल, त्या दिवशी प्रकरण निकाली. मग त्याने कशाला यावं? म्हणून मी रोज जिवाच्या आकांताने खेळत होतो, आणि रोज अगदी नाकभर अंतराने जिंकत होतो.

आणि मग काल माझ्या मोटारीने दगा दिला. नाकाखालचे, पट्ट्यांवरून वीज घेणारे तांब्याचे धागे झिजून गेले होते, ते मला दिसलं नव्हतं. शेवटच्या फेरीत निळी मोटार सरळ रस्त्यावर आचके देऊ लागली. तांबडी तिला ओलांडून पुढे गेली. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, खुर्चीतून उठून दाबलं. तांबडीने मोठं वळण घेतलं, सुरेख घेतलं, आणि पुढे फक्त हातभर सरळ रस्ता आणि पांढरी रेघ. उद्याची दुपार मला तिथेच दिसली.

रेघेच्या अलीकडे तांबडी मोटार थांबली.

मी नत्थूजींकडे पाहिलं. त्यांचा अंगठा बटणावर नव्हता. ते बाहेर रस्त्याकडे बघत होते, तिथे कुणी नव्हतं. माझी निळी आचके देत, रखडत, तांबडीच्या बाजूने गेली आणि रेघ ओलांडून गेली.

"लाइन गेली वाटते," नत्थूजी म्हणाले.

आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता. दोघांनीही वर पाहिलं नाही.

"गेली असेल," मी म्हणालो.

ते उठले, चपला पायात घातल्या. "उद्या फेरमोजणी कराव लागते मंग," म्हणाले आणि निघाले.